कारण सांगणारे यंत्र आणि आपला विश्वास



बाजारात पापलेट घेताना जाणती गृहिणी काय करते? कोळीण म्हणते, "घे बाय, ताजं हाय." एवढ्यावर कुणी पैसे काढत नाही. मग कोळीण माशाचा कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवते, गृहिणी मासा बोटाने दाबून पाहते आणि त्यानंतरच भावाची बोलणी सुरू होतात. या छोट्याशा व्यवहारात तीन गोष्टी दडलेल्या आहेत. कोळणीने नुसते सांगितले नाही, कारण दाखवले. ते कारण घेणाऱ्या बाईला स्वतः तपासता आले. आणि मासा खराब निघालाच, तर जाब विचारायला कोळीण उद्या त्याच जागी बसलेली असणार.

आता दुसरा व्यवहार पाहू. समजा, आपल्या गावातील एका तरुणाने टेम्पोसाठी कर्ज मागितले. मोबाइलवर अर्ज भरला, कागदपत्रांचे फोटो पाठवले आणि काही मिनिटांतच उत्तर आले : 'अर्ज नामंजूर.' खाली एक ओळ होती : 'अलीकडे आपल्या नावावर कर्जाच्या चौकश्या जास्त झाल्या आहेत.' हा निर्णय संगणकाने घेतला आणि त्याचे कारणही संगणकानेच लिहिले. तरुण म्हणतो, "चला, निदान कारण तरी कळले," आणि गप्प बसतो.

त्याच्या या गप्प बसण्याविषयीच आज थोडा विचार करू या. यंत्राने कारण सांगितले की आपला विश्वास का वाढतो? आणि तो वाढावा का?

यंत्र मुके कसे झाले?

यंत्राला कारण विचारण्याची कल्पना तशी जुनीच आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 'मायसिन' नावाची संगणक-प्रणाली तयार करण्यात आली. रक्तातील जंतुसंसर्ग ओळखून कोणते अँटिबायोटिक द्यावे, याचा सल्ला ती देत असे. तिच्यात तज्ज्ञ डॉक्टरांकडून घेतलेले काहीशे नियम भरलेले होते : 'असे असेल, तर तसे समजावे.' डॉक्टरांनी 'का?' असे विचारले की ती आपला नियम पडद्यावर दाखवीत असे.

पुढे यंत्रे वेगळ्या रीतीने शिकू लागली. त्यांना नियम कुणी सांगत नाही. लाखो जुनी उदाहरणे त्यांच्यापुढे ठेवली जातात आणि त्यांतून ती स्वतःच आकड्यांचे एक प्रचंड जाळे विणतात. उत्तर पुष्कळदा अचूक येते, मात्र 'का?' असे विचारले, तर त्या आकड्यांतून माणसाला उमजेल असे काही हाती लागत नाही. म्हणूनच जाणकारांनी अशा यंत्राला 'ब्लॅक बॉक्स', म्हणजे काळी पेटी, असे नाव दिले. पेटीत काय चालते ते बाहेरून दिसत नाही.

अशा पेट्या कर्ज, आजारपण, नोकरी, जामीन अशा गंभीर गोष्टींत सल्ला देऊ लागल्या, तेव्हा लोक अस्वस्थ झाले. २०१६ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील 'डार्पा' या संशोधन संस्थेने स्पष्टीकरण देऊ शकणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठा संशोधन-कार्यक्रम जाहीर केला. जगभर या दिशेने काम झाले. आज अशी साधने उपलब्ध आहेत की, यंत्राने निर्णय दिला की त्या निर्णयात कोणत्या गोष्टीचे वजन किती पडले, हे ती दाखवतात. छातीच्या एक्स-रेवर जिथे संशय आहे, ती जागा रंगाने उठून दिसते. ही गोष्ट आपल्यापासून फार दूर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग-चाचणीसाठी एक्स-रे वाचणाऱ्या संगणक-प्रणाली वापरण्याची शिफारस केली आणि अशा प्रणाली बनवणारी एक कंपनी, क्युअर डॉट एआय, आपल्या मुंबईतच सुरू झालेली आहे.

म्हणजे मुकी पेटी आता बोलू लागली आहे. मग प्रश्न सुटला का?

'कारण' या शब्दाची जादू

१९७८ साली एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमध्ये झेरॉक्सच्या यंत्रापाशी कुणी प्रती काढायला आले की एक माणूस मध्येच जाऊन म्हणे, "माझी पाच पाने आहेत, मला आधी काढू द्याल का?" नुसते असे विचारले, तेव्हा ६० टक्के लोकांनी वाट दिली. "मला घाई आहे," असे कारण जोडले, तेव्हा ९४ टक्के लोकांनी वाट दिली. आता तिसरा प्रकार पाहा. "मला आधी काढू द्याल का, कारण मला प्रती काढायच्या आहेत?" हे काय कारण झाले? प्रती काढायच्या नसत्या, तर तो झेरॉक्सपाशी आलाच कशाला असता! तरीही ९३ टक्के लोकांनी वाट दिली.

मात्र पाचाऐवजी वीस पाने म्हटल्यावर चित्र पालटले. विनाकारण विचारले तर २४ टक्के, पोकळ कारण दिले तरीही २४ टक्के आणि खरे कारण दिले तेव्हा ४२ टक्के. स्वतःला थोडी झळ लागणार असे दिसताच लोक जागे झाले आणि कारणाकडे नीट पाहू लागले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, कारणाच्या नुसत्या आकारालाही वजन असते. वाक्यात 'कारण' हा शब्द आला की आपले मन अर्धे राजी होते. दुसरी म्हणजे, झळ स्वतःला लागणार असेल तर आपण कारण तपासतो. दुसऱ्याला लागणार असेल, तर सहसा तपासत नाही. कर्जाचा अर्ज पुढे सरकवणारा कारकून, रुग्णांच्या रांगेपुढे बसलेला दमलेला डॉक्टर, अर्जांचा ढीग उपसणारा अधिकारी यांच्यासाठी यंत्राचा प्रत्येक निर्णय हा 'पाच पानांचा' असतो. ज्याच्याविषयी तो निर्णय आहे, त्याच्यासाठी मात्र तो वीस पानांचा, कधी आयुष्यभराचा असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेबाबतही हेच दिसून आले आहे. २०२१ साली गगन बन्सल व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस आणि यंत्र मिळून निर्णय कसे घेतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राने सल्ल्याबरोबर स्पष्टीकरण दिले की माणसे तो सल्ला अधिक प्रमाणात स्वीकारू लागली. दुर्दैव असे की, सल्ला बरोबर असो वा चूक, स्वीकार वाढलाच. स्पष्टीकरणाने विश्वास वाढवला. खऱ्याखोट्याची पारख वाढवली नाही.

हेतू आणि हेत्वाभास

आपल्या देशातील न्यायदर्शनाने या प्रश्नावर फार पूर्वीच खोल विचार करून ठेवला आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला त्यातील डोंगर आणि धूर भेटतात. डोंगरावर अग्नी आहे. कशावरून? तेथे धूर दिसतो म्हणून. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. येथे 'धूर' हा हेतू, म्हणजे अनुमानाचे कारण. न्यायशास्त्रकार एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी 'हेत्वाभास' नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच मांडले. हेत्वाभास म्हणजे जे हेतूसारखे दिसते, पण हेतू नव्हे. त्यातला एक प्रकार 'सव्यभिचार', म्हणजे भरकटणारा हेतू. कधी साध्याबरोबर असतो, तर कधी नसतो. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे कुणी म्हटले, तर त्याला तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवावा. त्यात अग्नी आहे, धूर नाही.

यंत्रांचे हेत्वाभास आता उजेडात येत आहेत. २०१६ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील तीन संशोधकांनी लांडगा आणि हस्की जातीचा कुत्रा यांचे फोटो ओळखणारे एक यंत्र मुद्दाम चुकीचे शिकवले. शिकवताना लांडग्यांच्या सगळ्या फोटोंत बर्फ होते, कुत्र्यांच्या फोटोंत नव्हते. मग यंत्राची काही उत्तरे २७ विद्यार्थ्यांना दाखवली. त्यांपैकी १० जण म्हणाले, या यंत्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्यानंतर यंत्राने फोटोतील कोणत्या भागावरून उत्तर दिले, ते दाखवण्यात आले. प्राणी बाजूलाच राहिला होता, यंत्र पाहत होते ते मागचे बर्फ! आता विश्वास ठेवणारे केवळ ३ उरले.

मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. येथे स्पष्टीकरणाने विश्वास कमी केला आणि तेच त्याचे खरे काम होते. कल्ला उघडल्यावर आत करडा रंग दिसला, तर गृहिणी मासा घेत नाही. कल्ला उघडण्याला अर्थ आहे तो याचसाठी. जे स्पष्टीकरण आपला विश्वास कधी कमी करूच शकत नाही, ते स्पष्टीकरण नव्हे; ती जाहिरात आहे.

दुसरे उदाहरण माणसांच्या जिवाशी संबंधित आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला अधिक धोका आहे हे सांगणारी यंत्रे तयार करण्यात आली. त्यांच्यातील एकाने, ज्याचे नियम वाचता येत होते, जुन्या नोंदींवरून एक विलक्षण नियम शिकला : दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाने मृत्यूचा धोका कमी असतो! कोणताही डॉक्टर हे ऐकून चमकेल. खरी गोष्ट अशी होती की, दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला तातडीने अतिदक्षता विभागात नेत आणि त्या जास्तीच्या काळजीमुळे ते वाचत. नोंदींत फक्त 'वाचले' एवढेच दिसत होते. यंत्राचे ऐकून अशा रुग्णांना घरी पाठवले असते, तर काय झाले असते? नियम दिसला म्हणून धोका कळला. संशोधकांपाशी त्याहून अधिक अचूक उत्तरे देणारे दुसरे यंत्र होते, पण त्याच्या आत काय आहे ते दिसत नव्हते. तेही हेच शिकले असेल, या भीतीने त्यांनी ते रुग्णांवर वापरले नाही.

सांगितलेले कारण आणि खरे कारण

यापुढे आणखी एक अवघड पायरी आहे. कारण चांगले आहे की वाईट, हा एक प्रश्न. सांगितलेले कारण हेच खरे कारण आहे का, हा दुसरा प्रश्न.

२०१८ साली काही संशोधकांनी चित्रावर रंगीत ठिपके दाखवून स्पष्टीकरण देणाऱ्या साधनांची परीक्षा घेतली. त्यांनी यंत्राच्या आतील शिकलेले आकडे पुसून त्या जागी कसेही आकडे भरले. म्हणजे यंत्राची सारी विद्या गेली. तरीही काही साधने जवळजवळ पूर्वीसारखेच सुबक रंगीत चित्र दाखवत राहिली. विद्या गेली, तरी स्पष्टीकरण बदलले नाही, तर ते स्पष्टीकरण कशाचे होते?

२०२३ साली बोलक्या यंत्रांवर, म्हणजे आपली मुले मोबाइलवर ज्यांच्याशी गप्पा मारतात त्या प्रकारच्या प्रणालींवर, एक प्रयोग झाला. नमुन्यादाखल दिलेल्या प्रश्नांत बरोबर उत्तर नेहमी 'अ' हेच येईल अशी मांडणी केली. मग नवा प्रश्न विचारला, तर यंत्राचा कल 'अ' कडे झुकू लागला. पायरीपायरीने कारण सांगायला लावल्यावर मात्र त्याने प्रश्नाच्या विषयाला धरून लांबलचक, समंजस वाटेल असे विवेचन केले. 'आधीची सगळी उत्तरे अ होती म्हणून' हे त्यात आले नाही.

अर्थात, यंत्राला हसण्यापूर्वी आपण आपल्या मनात डोकावावे. भावाशी अबोला धरताना आपण तत्त्वाची गोष्ट सांगतो. खरे कारण बांधावरचे एक झाड असते. निर्णय आधी होतो आणि कारण मागून शोधले जाते, हा अनुभव सर्वांचाच आहे. फरक एवढाच की, माणसाच्या बाबतीत आपण सावध असतो. शेजारी, नातेवाईक, आवाजातील चढउतार, जुना अनुभव यांवरून आपण ओळखतो की काहीतरी लपवले जात आहे. यंत्राची भाषा मात्र सदैव शांत, शुद्ध आणि आत्मविश्वासाची असते. त्यामुळे तेथे आपली ही नेहमीची जाग झोपी जाते.

मग औषधावर तरी विश्वास का?

येथे कुणी रास्त शंका काढील : "फादर, सगळ्याच गोष्टींचे कारण आम्हाला कुठे कळते? डॉक्टरांची गोळी आम्ही न समजताच घेतो ना?" शंका योग्य आहे. ॲस्पिरिनचेच पाहा. हे औषध १८९९ पासून विकले जात आहे. पण ते शरीरात नेमके कसे काम करते, याचा उलगडा जॉन व्हेन यांनी केला तो १९७१ साली आणि त्या कार्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मधली सत्तर वर्षे लोक कारण न कळता ते औषध घेत होते आणि ते वेडे नव्हते. औषध अनुभवाच्या कसोटीला उतरले होते.

म्हणजे विश्वासाला स्पष्टीकरण हा एकच आधार नाही. एखादे यंत्र आपल्यासारख्या लोकांवर, आपल्याकडील रुग्णांवर, प्रामाणिकपणे व पुन्हा पुन्हा पारखले गेले असेल आणि त्याच्या चुका लपवल्या जात नसतील, तर त्याच्या आतले सर्व समजले नाही, तरी त्यावर बेताचा विश्वास ठेवणे शहाणपणाचे ठरू शकते. अन्यथा खेडोपाडी क्षयरोगाचे निदान वेळेवर होण्याची संधी आपण केवळ संशयापोटी घालवू.

पण हा विश्वास 'बेताचा' ठेवणे आपल्याला जड जाते. आपण एकतर सगळा टाकतो, नाहीतर सगळा काढून घेतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, यंत्राची एखादी चूक डोळ्यांनी पाहिली की लोक ते यंत्र सोडून माणसाच्या अंदाजावर पैज लावतात. मग त्या यंत्राचे अंदाज माणसापेक्षा सरस असले तरी! माणसाची चूक आपण पोटात घालतो, यंत्राची घालत नाही. त्याच संशोधकांना पुढे असेही दिसले की, यंत्राच्या उत्तरात थोडासा बदल करण्याची मुभा दिली, की लोक ते यंत्र आनंदाने वापरतात. आपल्या हातात काही आहे, ही जाणीवही विश्वास घडवते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण २०२३ मधील आहे. २७ रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना स्तनांचे एक्स-रे वाचायला दिले आणि सोबत 'कृत्रिम बुद्धिमत्तेचे मत' म्हणून एक मत दिले. मत बरोबर असे, तेव्हा नवख्या डॉक्टरांचे निदान सुमारे ८० टक्के वेळा बरोबर आले. मत मुद्दाम चुकीचे दिले, तेव्हा ते २० टक्क्यांवर घसरले. खूप अनुभवी डॉक्टरही ८२ वरून ४५ टक्क्यांवर आले. विद्या होती, डोळे होते. पण यंत्राने आधी सांगून टाकले होते.

आप्त कोण?

पुन्हा न्यायदर्शनाकडे वळू. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याबरोबर ते 'शब्द' हेही ज्ञानाचे साधन मानते. मात्र कुणाचाही शब्द नव्हे. 'आप्त' माणसाचा शब्द. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. आपल्या मराठीत आप्त म्हणजे नातलग. हा अर्थही येथे बोलका आहे. ज्याच्याशी आपले नाते आहे, जो आपल्याला बांधील आहे, त्याच्या शब्दावर आपण विसंबतो.

यंत्राला सांगण्याची इच्छा नसते आणि खोटे बोलण्याचीही नसते. चूक झाली, तर त्याला लाज वाटत नाही आणि झोपही उडत नाही. म्हणून यंत्राचे स्पष्टीकरण हा आप्ताचा शब्द मानू नये. तो एक हेतू आहे आणि हेतू तपासायचा असतो. आप्त व्हायचे आहे ते यंत्राच्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी व संस्थांनी.

असा आप्त कुणीच उरला नाही की काय होते, याचे दुःखद उदाहरण नेदरलँड्समध्ये घडले. तेथील कर खाते पाळणाघराच्या खर्चासाठी आईवडिलांना अनुदान देत असे. कोणता अर्ज संशयास्पद आहे, हे ठरवण्यासाठी २०१३ पासून स्वतः शिकणारे यंत्र वापरले गेले आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही, याचाही त्यात विचार होत होता. यंत्राने खूण केलेला अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही ती खूण का केली, हे कळत नव्हते. कायदाही कठोर होता. कागदपत्रांतील लहानशा त्रुटीवरून सगळी रक्कम परत मागितली जाई. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली. "आमचे चुकले काय?" असे आईवडील विचारत राहिले, त्यांना उत्तर देणारे कुणी नव्हते. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. यंत्राने बोट दाखवले, अधिकाऱ्याने यंत्राकडे बोट दाखवले, कायद्याने कागदाकडे दाखवले. माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून, "हा निर्णय माझा आहे," असे म्हणणारे कुणी राहिले नव्हते.

हा धोका ओळखून २८ फेब्रुवारी २०२० रोजी रोममध्ये पोन्टिफिकल अकॅडमी फॉर लाइफ या संस्थेच्या पुढाकाराने एका निवेदनावर सह्या झाल्या. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या कंपन्याही त्यात होत्या. त्यातील सहा तत्त्वांत पारदर्शकता आहे आणि तिच्याबरोबरच जबाबदारीही आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये बँकांतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सात सूत्रे सुचवली. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य हे या समितीचे अध्यक्ष होते. पहिलेच सूत्र विश्वासाचे आहे आणि पुढे यंत्र समजण्याजोगे असावे व उत्तरदायित्व ठरलेले असावे, अशीही सूत्रे आहेत. समजणे आणि जबाबदार असणे ही दोन वेगळी सूत्रे ठेवली आहेत, याकडे लक्ष द्यावे. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

आपण काय करावे?

आता त्या कर्ज मागणाऱ्या तरुणाकडे जाऊ. त्याने गप्प बसू नये. कर्ज नाकारल्याचे मुख्य कारण लेखी मागण्याचा त्याला हक्क आहे. ज्या नोंदींवरून ३०० ते ९०० या पट्टीवरचा त्याचा गुण ठरतो, त्यांचा पूर्ण अहवाल सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो. त्याने तो वाचावा. दुसऱ्याचेच कर्ज त्याच्या नावावर चढले असेल, फेडलेला हप्ता थकलेला दाखवला असेल, तर लेखी तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी तक्रार ३० दिवसांत न मिटल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. रक्कम लहान असेल, पण तिचा अर्थ मोठा आहे : कुणीतरी उत्तर द्यायला बांधलेले आहे.

यंत्राने कारण सांगितले की मनाशी तीन प्रश्न विचारावेत. हे कारण मला किंवा माझ्या विश्वासातील जाणकाराला तपासता येते का? माझी परिस्थिती वेगळी असती, तर हे उत्तर बदलले असते का, की बर्फ पाहून लांडगा म्हणावे तसे हे आहे? आणि उत्तर चुकले, तर मी कुणाच्या दारात जायचे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही सुंदर असोत, विश्वास आवरून धरावा.

आपल्यापैकी काहीजण या व्यवहाराच्या पलीकडच्या बाजूला बसतात. कुणी बँकेत आहे, कुणी रुग्णालयात, कुणी कंपनीत माणसे निवडण्याच्या कामावर. त्यांना माझी विशेष विनंती. "संगणकच असे म्हणतो," या वाक्याने कुणालाही परत पाठवू नका. समोरच्याचे ऐका, कारण स्वतः तपासा आणि निर्णय आपला म्हणून सांगा. दिवसभरात आपल्यासमोर शंभर अर्ज येत असतील. प्रत्येक अर्जामागच्या माणसाचा मात्र तो एकच अर्ज असतो.

तसेच, आपल्या तरुण मुलामुलींनी या आठवड्यात थोडा वेळ काढून घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे. त्यांच्या मोबाइलवर आलेले बँकेचे, विम्याचे, रुग्णालयाचे निरोप त्यांना मराठीत समजावून सांगावेत आणि न पटणारे काही असेल, तर तक्रारीची चार ओळींची चिठ्ठी लिहून द्यावी. 'का?' हा प्रश्न विचारायला म्हातारपणी संकोच वाटतो. तो संकोच दूर करणे आपल्या हातात आहे.

आपला,
धर्मगुरू